चार बोटं वायर

सिद्धेश्वरीने ओवीचं ऐकण्याचं यंत्र काउंटरवर ठेवलं, पण देवदत्त अणवेकरने ते उचललं नाही. पाच वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं.

"वायर गेली जणू, अण्णा," ती म्हणाली. "सकाळपास्नं हाक मारली तरी बघंना ही."

ओवी दहा वर्षांची, जन्मतः बहिरी. दोन वर्षांची असताना शस्त्रक्रिया करून डोक्यात कातडीखाली यंत्र बसवलं होतं. त्याचा बाहेरचा भाग कानामागे अडकवायचा. तिथून चार बोटं लांब वायर निघून डोक्याला लोहचुंबकाने चिकटणाऱ्या चकतीपर्यंत जायची. ही वायर तुटली की ओवीला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नसे. सिद्धेश्वरी शहराजवळच्या कुंभारी गावात राहायची, गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला होती. यंत्र तिने वारलेल्या नवऱ्याच्या फंडातून घेतलं होतं.

पुढे कंपनीने ते मॉडेल बंद केलं, वायरी देणंही बंद केलं, आणि नवं यंत्र घ्या असं कळवलं. ते तिला या जन्मी जमणारं नव्हतं. देवदत्तचं शुक्रवार पेठेत दुकान होतं; पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा, आता श्रवणयंत्रं. त्याने जुनी वायर भिंगाखाली उलगडली आणि पंधरा दिवस खपून तशीच नवी केली. मग मंद्रूप, अक्कलकोटकडूनही आईबाप मुलांना घेऊन येऊ लागले.

गेल्या महिन्यात कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. वायरीच्या टोकाला जो जोड होता, त्याचं पेटंट कंपनीकडे होतं. देवदत्त ती घेऊन वैदेही नाडगौडा वकिलांकडे गेला. त्यांनी सगळं दोनदा वाचलं. विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करायचा हक्क घेणाऱ्याला आहे, हे आपण कोर्टात नक्की मांडू शकतो, असं त्या म्हणाल्या. पण देवदत्त वायर दुरुस्त करत नव्हता, नवी बनवत होता. तिथे निकाल कुठेही झुकला असता, आणि तोवर किती वर्षं जातील ते त्याही सांगू शकत नव्हत्या. पेटंट अजून सहा वर्षं चालणार होतं. देवदत्तने हमीपत्रावर सही केली आणि केलेल्या सगळ्या वायरी पाकिटात घालून कंपनीला देऊन टाकल्या.

हे सगळं त्याने सिद्धेश्वरीला सांगितलं.

"मशीन आमची हाय की, अण्णा. इकत घेतलीया. ती पोरीच्या डोस्क्यात हाय. मग ते कोण आमाला न्हाय म्हणनारे?"

नवी करता येत नाही, जुनी सांधून बघतो, एवढंच देवदत्त म्हणाला.

त्याने तुटका तुकडा कापून टाकला आणि उरलेली वायर पुन्हा जोडली. ओवीला ऐकू आलं. पण जुनी वायर ताठ झालेली. तीन आठवड्यांत ती शेजारीच तुटली. पुन्हा तेवढा भाग कापावा लागला. प्रत्येक दुरुस्तीला वायर आखूड होत गेली. चौथ्या खेपेला ती चकतीच्या जागेपर्यंत पोचेना. ओवी कानामागचं यंत्र वर ओढून, चकती बोटाने दाबून धरून वर्गात बसू लागली. बोट निसटलं की बाई काय म्हणाल्या ते निसटायचं. त्यानंतर वायर मुळाशीच तुटली आणि सांधायला काही उरलं नाही.

वैदेहीबाईंनी ग्राहक आयोगात तक्रार लावून दिली. कंपनीने उत्तर दिलं की वॉरंटी संपलेली आहे. दोन तारखा झाल्या, तिसरी चार महिन्यांनी पडली. सिद्धेश्वरी प्रत्येक तारखेला खाडा करून जात होती. एकदा देवदत्त रात्रभर विचार करून गुपचूप वायर करायला बसलाही. पण हमीपत्र मोडलं तर भरपाईत त्याचं घरही जाणार होतं. कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा दुकानात येऊन जात होता. देवदत्तने साहित्य परत ठेवून दिलं.

पावसाळ्याच्या शेवटी सिद्धेश्वरी ओवीला घेऊन सहज आली. यंत्र बरोबर नव्हतं. देवदत्तने ओवीला शाळेचं विचारलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, मग आईकडे वळली.

"तुमच्या मिशा व्हटावर येत्यात, अण्णा," सिद्धेश्वरी ओशाळून म्हणाली. "ती आता व्हट बघूनच बोलनं वळखती."

देवदत्त त्यांना बसायला सांगून समोरच्या सलूनमध्ये गेला. वीस वर्षांनी त्याचा वरचा ओठ उघडा पडला. परत येऊन तो ओवीसमोर बसला आणि एकेक शब्द सुटा करत, शाळेत काय चाललंय म्हणून त्याने पुन्हा विचारलं.

ओवीला समजलं. ती बोलू लागली. पण आपला आवाज केवढा येतो हे तिला आता कळत नव्हतं, आणि तो इतका बारीक झाला होता की देवदत्तला काहीच ऐकू आलं नाही. त्याने तिला थांबवलं नाही. उठून तिच्याजवळ गेला, वाकला आणि आपला कान तिच्या तोंडाशी नेला.