मर्डोचं रान

सप्टेंबरातल्या एका सकाळी हेक्टर दारात उभा दिसला तेव्हा इश्बेलला वाटलं, कुणीतरी गेलं असणार. त्याशिवाय हा माणूस तिच्या उंबऱ्याशी यायचा नाही. तो तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, पण बावीस वर्षांत त्याने या घराचं फाटक ओलांडलं नव्हतं. मार्चमध्ये मर्डोला पुरलं, तेव्हाही तो चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला आणि शवपेटी उचलायच्या आत निघून गेला.

"बूट घाल," तो म्हणाला. "मोल रुआवर जायचंय. मला एकट्याला जमणार नाही."

"बावीस वर्षांनी येतोस आणि 'कशी आहेस' एवढंसुद्धा नाही?"

"बरं, कशी आहेस?"

"तुला काय करायचंय," ती म्हणाली आणि बूट आणायला आत गेली.

मोल रुआ म्हणजे काही मोठा डोंगर नव्हे. दोन तासांत माथा गाठता येतो. खाली जुन्या पाइनचं रान, वर हेदरची झुडपं आणि माथ्यावर दगडांची एक रास. खालची झाडं दोन-अडीचशे वर्षांची, तांबूस सालीची, दोघांच्या कवेत न मावणारी. दोघं त्यांच्यामधून चालू लागले. शेवाळावर पावलांचा आवाज होत नव्हता. वाटेकडेला मुंग्यांचं कमरेएवढं वारूळ होतं. हेक्टर सरळ त्यावरच चालला होता. इश्बेलने त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं.

"आंधळा झालास का?"

"होतोय," तो म्हणाला. "मधलं दिसत नाही. तुझ्याकडे पाहिलं की टोपी दिसते, कान दिसतात, तोंड नाही."

"मग तुझा फायदाच आहे."

तो हसला नाही. "उरलंसुरलं वसंतापर्यंत जाईल म्हणतात डॉक्टर. गावात सगळे सांगतात, वर झाडं आलीत. म्हटलं, दिसतंय तोवर बघून घ्यावं."

झाडं आली होती खरी. पूर्वी या रानात म्हातारी झाडं होती, पण पोर एकही नव्हतं. कोंब वर आला की हरणं खायची. मग जहागिरीच्या नव्या मालकिणीने ठरवलं की हरणं निम्म्याहून कमी करायची, तरच रान वाचेल. रखवालदार मर्डो. त्या हिवाळ्यात त्याने एकट्याने चारशेच्या वर हरणं मारली. त्याच हरणांना या दोघा भावांच्या बापाने बर्फात गवत घालून जगवलं होतं. हेक्टर गावच्या सभेत सगळ्यांदेखत उठला, भावाला 'खाटीक' म्हणाला आणि आपली खुर्ची उचलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

म्हातारी झाडं संपली तिथे उतारावर गुडघ्याएवढी, छातीएवढी, डोक्यावर गेलेली पाइनची पोरं दाटीने उभी होती. हेक्टर मान तिरकी करून डोळ्यांच्या कडेने पाहत राहिला.

"सगळी हिरवी दिसतात," तो म्हणाला. "सगळीच पाइन?"

"मध्ये भूर्ज आहेत थोडे."

ती एका दगडावर बसली. तिने थर्मासमधला चहा ओतला, ओटकेकच्या बिस्किटावर चीज ठेवून त्याच्या हातात दिलं. बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

"तो त्या हिवाळ्यात जेवायचा नाही, हेक्टर. घरी आला की हात धूत बसायचा. आणि दर नव्या वर्षाच्या सकाळी बाटली घेऊन तुझ्याकडे यायचा. नऊ वर्षं आला. तू कधी घरी नसायचास."

हेक्टरने ओटकेक खाली ठेवला. "घरी असायचो."

"काय?"

"पडद्याआड उभा असायचो. तो दार वाजवायचा. तीनदा वाजवून थोडा थांबायचा. मग जायचा."

इश्बेलने कप उलटा करून उरलेला चहा गवतावर ओतला. परत आल्यावर मर्डो बाटली कपाटात ठेवताना म्हणायचा, "कुणी नव्हतं घरी." त्याला ठाऊक होतं का? असणारच. त्या घराच्या धुराड्यातून धूर निघताना त्याला दिसत नसेल? आपल्या भावाची लाज त्याने बायकोपासूनही झाकली होती.

ती उठली आणि त्याला तिथेच सोडून चढू लागली. मागे वळली नाही. माथ्यावरच्या राशीला टेकून उभी राहिली तेव्हा दम लागला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. वारा होता, पण ते वाऱ्याने नव्हतं. पश्चिमेकडे ढग उतरत होते. पाव तास गेला, अर्धा तास गेला. हेक्टर आला नाही. ती स्वतःवरच चिडत खाली वळली. मुळांनी भरलेल्या वाटेवर आंधळा म्हातारा सोडून आपण आलो!

वाटेवर तो नव्हता. तिने हाक मारली. डावीकडच्या झाडीतून आवाज आला, "इथे!"

वाऱ्याने खुरटलेल्या, खांद्याएवढ्या एका झाडापुढे तो गुडघे टेकून बसला होता. बोटं बुंध्यावरून वर सरकत होती. पाइनला दर वर्षी फांद्यांचं एक कडं फुटतं. तो ती कडी चाचपत मोजत होता.

"गप्प, मधे बोलू नकोस," तो म्हणाला. "अठरा... एकोणीस." खालची दोन-तीन वर्षं सालीत बुजून जातात, तीही धरून त्याने बावीस केली. हात त्याने तसाच शेंड्यावर ठेवला.

"त्याच हिवाळ्यानंतरचं आहे हे," तो म्हणाला. "त्याचं बरोबर होतं. मला हे दहाव्या वर्षीच कळलं होतं, इश्बेल. तोवर त्याने यायचं सोडलं होतं. माझ्याच्याने जाववलं नाही."

"मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी माफी मागितलेलीही नाही. मागायची ती त्याच्याकडे."

तिने त्याला हात देऊन उठवलं. त्याच्या गुडघ्यांना चिकटलेल्या पाइनच्या सुया झटकल्या, जरा जोरातच.

"माथा किती लांब आहे?"

"वीस मिनिटं. तुझ्या चालीने चाळीस."

ती पुढे आणि तिच्या कोपराला धरून तो मागे, असे दोघं चढले. दगड आला की ती सांगायची, "पाय उचल." राशीपाशी पोचल्यावर त्याने एक धोंडा चाचपून वर ठेवला. सगळेच ठेवतात तसा.

"उतरताना मर्डोच्या कबरीशी थांबू या," ती म्हणाली.

तो राशीला टेकून खाली बसला. "आज नको. आज एवढंच."

तिने आग्रह केला नाही. ढग जवळ आले, खालचं रान त्यात बुडायला लागलं. हेक्टर त्या दिशेला मान तिरकी करून बसून राहिला आणि इश्बेल, पाऊस सुरू झाला तरी, 'चल' म्हणाली नाही.