एक्कावन्नावं पान

जुन्या पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. एकदा चोरीची पुस्तकं विकत घेऊन त्यांना पोलिसांच्या चार फेऱ्या सोसाव्या लागल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता. पुस्तक आलं की आधी ते कुठून आलं ते बघायचं, मग भावाचं बोलायचं.

त्या सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस तीन खोकी घेऊन आला. आत सगळा ख्रिस्ती धर्माचा इतिहास. आरंभीच्या मंडळ्या, मठ आणि साधू, धर्मसभांचे वाद, सुधारकांची चरित्रं. जाडजूड, कापडी बांधणीची, जपलेली पुस्तकं.

"माझे काका चर्चमध्ये पाळक होते," तो म्हणाला. "वारले गेल्या महिन्यात. घरात हे वाचणारं कुणी नाही."

ताईंनी एक पुस्तक उघडलं. पहिलं पान नव्हतं. दुसरं उघडलं, त्याचंही नाही. फाटलेलं नव्हे, पात्यानं सरळ कापलेलं.

"पानं कुणी कापली?"

"काकांचं काय काय चालायचं," तो घाईनं म्हणाला. "तुम्ही किती द्याल ते सांगा."

"खोकी राहू द्या. तुमचा फोन नंबर लिहून जा. शुक्रवारी या."

तो गेला, आणि ताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्या एकेक पुस्तक चाळायला बसल्या. समासात पेन्सिलीनं बारीक टिपणं होती, सगळी एकाच हातची. आणखी एक गोष्ट होती. हाती आलेल्या प्रत्येक पुस्तकातलं एक्कावन्नावं पानही कापलेलं.

ग्रंथालयं पहिल्या पानावर शिक्का मारतात आणि दुसरा आत कुठंतरी, ठरलेल्या पानावर, गुपचूप मारतात. तो आकडा फक्त आतल्या माणसांना ठाऊक असतो. बाहेरचा चोर एक्कावन्नावर बरोबर बोट कसं ठेवणार?

तिसऱ्या खोक्यातल्या एका पुस्तकाची पानं ओल लागून चिकटली होती. ताईंनी पातळ पट्टी घालून ती हलकेच सोडवली. एक्कावन्नावर जांभळा शिक्का होता, पाळक घडवणाऱ्या धर्मविद्यालयाच्या ग्रंथालयाचा. त्याच पुस्तकात खुणेला डोळ्यांच्या दवाखान्याची चिठ्ठी होती. रुग्णाच्या नावाआधी 'पाळक' लिहिलं होतं, खाली त्याच्या घरचा पत्ता होता आणि तारीख होती येत्या गुरुवारची.

वारलेला माणूस येत्या गुरुवारी डोळे दाखवायला कसा जाणार?

ताईंनी आधी धर्मविद्यालयात फोन लावला. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी जुनी नोंदवही काढली. "अठ्ठावीस वर्षांपूर्वी गेलेली पुस्तकं आहेत ही. शिपायानं लांबवली होती. कपाटाची किल्ली त्याच्याकडे असायची. काढून टाकला त्याला."

"आणि तेव्हा ग्रंथपाल कोण होतं?"

"एक गृहस्थ होते. पुढं पाळक झाले ते."

ताई तडक चिठ्ठीवरच्या पत्त्यावर गेल्या. दार एका वाकलेल्या, स्वच्छ दाढी केलेल्या म्हाताऱ्यानं उघडलं. मागं भिंतीवर रिकामी फडताळं होती.

"तुमच्या पुतण्यानं तुम्हाला मारून टाकलंय, ठाऊक आहे का?" ताई म्हणाल्या.

म्हातारा खुर्चीत बसला. "मीच सांगितलं त्याला तसं. मेलेल्याला कुणी काही विचारायला येत नाही."

"मी आले. शिपायानं नेली होती ना पुस्तकं?"

त्यानं मागच्या रिकाम्या फडताळांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला आमच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास लिहायचा होता. ही पुस्तकं बाहेर न्यायला परवानगी नव्हती. एकेक घरी आणली, परत करायचीच होती. तेवढ्यात पुस्तकांची मोजणी निघाली. विद्यालयानं शिपायाकडे बोट दाखवलं आणि मी गप्प बसलो."

"आणि इतिहास?"

"दोन प्रकरणं झाली."

"कागद घ्या," ताई म्हणाल्या. "हे सगळं लिहा. माझ्यासमोर."

त्यानं लिहिलं. ताईंनी ते दोनदा वाचलं, 'मी गप्प बसलो' हे वाक्य गाळलं होतं ते घालायला लावलं आणि मगच सही घेतली.

शिपायाचा पत्ता ग्रंथपाल बाईंनी शोधून दिला. तो आता रोपवाटिकेत कामाला होता आणि मागच्याच दोन खोल्यांत राहत होता. मातीचे हात पुसून त्यानं ताईंनी आणलेलं ते पत्र वाचलं आणि बायकोच्या हातात दिलं.

बायकोनं उभ्याउभ्या वाचलं. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मी विचारायचं कधीच सोडलं होतं."

"विचारायचं सोडलंस," तो म्हणाला. "माळ्यावरच्या ट्रंका अजून बघतेस."

तिचा चेहरा उतरला. मग ती ताईंकडे वळली. "हे त्यांनीच लिहिलंय कशावरून? तुम्ही कोण, कुठल्या? तुमचा यात काय फायदा?"

ताईंना राग आला नाही. त्यांनीही हेच विचारलं असतं. त्यांनी दवाखान्याची चिठ्ठी पुढं केली. "पत्ता आहे यावर. जाऊन त्यांच्याच तोंडून ऐका."

दोघं त्याच संध्याकाळी गेली. आत काय बोलणं झालं ते ताईंना कधी कळलं नाही.

शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट फिरकला नाही. सोमवारी ग्रंथपाल बाई खोकी न्यायला आल्या, त्यांच्याबरोबर शिपाई आणि त्याची बायको. शिपाई जमिनीवर बसला आणि एकेक पुस्तक ओळीनं मांडू लागला. बायको खोक्यातून काढून त्याच्या हातात पुस्तकं देत होती.

शेवटचं खोकं रिकामं झाल्यावर तो म्हणाला, "दोन कमी आहेत."

ग्रंथपाल बाईंनी नोंदवही उघडली. "थांबा, यादी बघते."

"बघा. पण दोनच कमी आहेत," तो म्हणाला, आणि त्या दोन्ही पुस्तकांची नावं त्यानं घडाघडा सांगितली. "चौकशीत त्यांनी मला पूर्ण यादी तीनदा वाचून दाखवली होती."

नोंदवहीत तीच दोन नावं निघाली. बायकोनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या शेजारी जमिनीवर बसली. म्हाताऱ्याची फडताळं तर रिकामी होती; ताईंनी फोन उचलून पुतण्याचा नंबर लावला.