डाव्या खिडकीतला हात

"बाबा, हे पोस्ट ऑफिस चौथ्यांदा आलं."

"पोस्ट ऑफिस जागचं हलत नाही. आपण आलो," बाबा म्हणाले आणि गाडी पुन्हा उजवीकडे, नदीकाठच्या रस्त्याला घातली.

मी मागच्या सीटवर होते. मी औषधांच्या दुकानात बसते, विसरायला लागलेल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची नावं मला तोंडपाठ आहेत. बाबांना तळ्यावर जायचं होतं. तळ्याचा रस्ता नदीकाठच्या रस्त्यावरून डावीकडे टेकडीवर चढतो. तिथे लहानपणी आम्ही दर रविवारी जात होतो. आणि बाबा तीन वेळा त्या वळणासमोरून सरळ पुढे गेले होते. मग उजवीकडे नवा पूल, पलीकडच्या काठाने उजवीकडे, जुना पूल, आणि पुन्हा पोस्ट ऑफिस.

"बाबा, आज वार कोणता?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"रविवार. उद्या सोमवार. उद्या सकाळी दहाला दातांचे डॉक्टर ही विकलेली गाडी न्यायला येणार आहेत आणि संध्याकाळी तू मला तुझ्या घरी नेणार आहेस. अजून काही विचारायचंय, की डोकं ठिकाणावर आहे म्हणून पास करतेस?"

आरशातून ते माझ्याकडे बघत होते.

गाडी माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठी. गडद हिरवी, पुढे दोन गोल डोळ्यांसारखे दिवे, आणि दार लावलं की कपाट लावल्यासारखा भरीव आवाज. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. सरकारी कचेऱ्या, दवाखाने, हॉटेलं. कामावरचे लोक त्यांना 'वरखाली' म्हणायचे. एका हॉटेलची लिफ्ट दुरुस्त करायला गेले, तेव्हा मागच्या अंगणात ही गाडी विटांवर उभी होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मालकाने थट्टेने "नेता का?" विचारलं आणि यांनी खरंच नेली. चार वर्षं रविवार-रविवार करत तिला रस्त्यावर आणली. "आयुष्यभर उभा प्रवास केला, आता जरा आडवा करू," असं ते पहिल्या फेरीच्या वेळी आईला म्हणाले होते म्हणे.

वळण चौथ्यांदा जवळ आलं. बाबांनी वेग कमी केला. गिअर खाली घेताना ते क्लच दोनदा दाबतात, त्यामुळे गिअर बदलताना पोटातलं पाणीही हलत नाही. मला वाटलं, वळले. आणि गाडी पुन्हा सरळ.

"बाबा! थांबवा बरं गाडी."

त्यांनी नव्या पुलाच्या अलीकडे, झाडाखाली गाडी उभी केली. इंजिन बंद केलं नाही.

"वळत का नाही तुम्ही?"

"डावीकडे हात कोण दाखवणार?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि माझी मलाच लाज वाटली. या गाडीला मागेपुढे लुकलुकणारे दिवे नाहीत. दोन दारांच्या मधल्या खांबात एक छोटा पितळी हात दडलेला असतो, बटण दाबलं की तो बाहेर येतो आणि त्याच्यात नारिंगी दिवा लागतो. उजवीकडचा चालायचा. डावीकडचा पहिल्यापासून मेलेला. म्हणून डावीकडे वळायचं असलं की पुढे डाव्या सीटवर बसलेली आई खिडकीतून हात बाहेर काढायची. नुसता काढायची नाही. खांद्याच्या रेषेत ताठ, बोटं जुळवलेली, आणि गाडी पूर्ण सरळ होईपर्यंत तसाच. आई टेलिफोन ऑफिसात होती, अर्धवट जोडणी तिला खपायची नाही. पंचवीस वर्षं ऊन खाऊन तिचा डावा हात कोपरापासून खाली उजव्यापेक्षा चांगला दोन छटांनी काळा झाला होता. शेवटी दवाखान्यात नर्सने विचारलं, "यांचा हा हात भाजला होता का?" तर बाबा म्हणाले, "नाही, तो गाडीचा आहे."

आई जाऊन आता दोन वर्षं झाली.

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही डावीकडे वळलाच नाहीत?"

"वळतो की. तीन वेळा उजवीकडे वळलं की एकदा डावीकडे होतं. न्हाव्याकडे जातो, बँकेत जातो, काही अडत नाही. इथे मात्र उजवीकडे नदी आहे. आणि रस्ता एकेरी."

"उजवा हात गोल फिरवूनही डावीकडचा इशारा देता येतो. तुम्हीच मला शिकवलंय."

"येतो," बाबा म्हणाले.

मला आईची फार आठवण आली. हा माणूस दर रविवारी गाडी पुसून, तेलपाणी बघून निघत होता. त्या वळणापर्यंत येत होता आणि नदीला प्रदक्षिणा घालून घरी जात होता. आणि मी फोनवर विचारायचे, "काय, फेरफटका झाला का?" तर म्हणायचे, "झाला, मस्त झाला."

मी उतरले आणि पुढचं डावं दार उघडलं. सीटवर त्यांनी चहाचा थर्मास ठेवला होता.

"बसू?"

त्यांनी थर्मास उचलून मांडीवर घेतला. मग मागे ठेवला. सीटवरची न दिसणारी धूळ हाताने झटकली.

"बस. काच पूर्ण खाली घे. हँडल जरा अडतं, वर उचलून फिरव."

पुन्हा दोन्ही पूल, पुन्हा पोस्ट ऑफिस. पाचव्यांदा नदीकाठ. वळणाच्या बऱ्याच अलीकडे बाबा नुसते "हं" म्हणाले. ते "हं" मी मागच्या सीटवरून हजार वेळा ऐकलेलं होतं. मी हात बाहेर काढला.

"अजून वर. खांद्याच्या रेषेत."

गाडी वळली. मी हात आत घेणार, तेवढ्यात ते म्हणाले, "अजून नाही. सरळ होऊ दे."

सरळ झाली. समोर टेकडीचा रस्ता होता.

तो रस्ता मी दरवेळी मागून, दोन डोक्यांच्या मधून पाहिला होता. पुढून तो फारच मोठा दिसतो. कडेला चुना फासलेले दगड, एका हाताला उतारावरची झाडं, त्यांच्या शेंड्यांवरून दिसणारी नदी. बाबांचा चेहरा बदलला. आतापर्यंत स्टिअरिंग घट्ट धरलेले हात सैल झाले. चढ लागला की ते इंजिनाचा आवाज ऐकतात, मान किंचित कलती करून, आणि इंजिन दमायच्या आत गिअर बदलतात. "तिला मागायला लावायचं नाही," ते म्हणाले. गाडीच्या चामड्याला उन्हाने वास सुटला होता. मधल्या एका फाट्याला पुन्हा डावीकडे वळायचं होतं. या वेळी "हं" यायच्या आत माझा हात बाहेर होता. बाबा हसले. दोन वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. वाटलं, उद्याच्या डॉक्टरांना फोन करून 'येऊ नका' सांगावं. पण मी चौथ्या मजल्यावर राहते, आमच्याकडे गाडी ठेवायला जागा नाही, आणि बाबांना आता एकटं ठेवायची माझी छाती नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं.

तळ्यापाशी आम्ही बॉनेटला टेकून चहा प्यायलो. बॉनेट गरम होतं.

"तुम्ही एवढ्या लिफ्ट दुरुस्त केल्या," मी म्हणाले, "आणि तो डावा हात तुम्हाला दुरुस्त नाही करता आला?"

"केला होता. पहिल्याच वर्षी."

"मग?"

"बसवणार होतो. पण त्याच्या आदल्या रविवारी तुझी आई म्हणाली, 'एवढ्या फिरण्यात मला हे एक काम आहे ते बरं आहे, नाहीतर मी आपली पाहुण्यासारखी बसले असते.' मग नाही बसवला. फडक्यात गुंडाळून अवजारांच्या खणात ठेवून दिला. तिला म्हटलं, याचा भाग मिळत नाही."

"आणि आईला शेवटपर्यंत कळलं नाही?"

बाबांनी चहाचा घोट घेतला. तळ्याकडे बघत म्हणाले, "दरवर्षी त्याचं फडकं बदललेलं असायचं."

मी कप बॉनेटवर ठेवला.

"मी नाही बदलायचो," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी मी उठले तेव्हा बाबा गाडीच्या डाव्या बाजूला पाटावर बसलेले होते. शेजारी फडकं उलगडलेलं. पिवळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. आमच्या स्वयंपाकघराचा पडदा होता तो. आईने आजारी पडायच्या आदल्या वर्षी काढला होता. पितळी हात लख्ख होता, त्यावर कुठे डाग नाही. बाबांनी दोन तारा जोडल्या, दोन स्क्रू आवळले.

"अकरा मिनिटं लागली," ते घड्याळ बघून म्हणाले. "बटण दाब."

मी दाबलं. टक् असा आवाज झाला आणि हात बाहेर आला. आडवा, ताठ, नारिंगी. बाबा समोर उभे राहून त्याच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मिट आता, बॅटरी उतरेल."

दातांचे डॉक्टर दहाला आले. तरुण, हौशी, गाडीवरून हात फिरवताना आवाज हळू करणारे. मला बरं वाटलं.

"काका, तुम्ही तर म्हणाला होता डावा इशारा चालत नाही?"

"आता चालतो. दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायची तर सगळी द्यावी. पण तो आपोआप मिटत नाही. आणि वळून झालं की लगेच मिटायचा नाही. गाडी पूर्ण सरळ होऊ द्यायची."

"होऊ देईन, काका."

गाडी फाटकातून बाहेर पडली. आम्ही दोघं फाटकापाशी उभे होतो. गल्लीच्या टोकाला डॉक्टरांनी वेग कमी केला. बाबा दोन वर्षं तिथून उजवीकडेच गेले होते. गाडीच्या डाव्या कुशीतून हात बाहेर आला, आणि गाडी डावीकडे वळून कोपऱ्यामागे गेली. दिसेनाशी होईपर्यंत तो बाहेरच होता.

"दिसला?" बाबांनी विचारलं.

"दिसला."

ते पिवळं फडकं घडी घालत होते. चार पदरी घडी घातली, खिशात ठेवली. माझ्याकडे बघितलं. मी नकळत डावा खांदा चोळत होते, कोपराखाली कातडी लालसर झाली होती.

"दुखतोय?"

"थोडासा."

"पहिल्या रविवारी तिचाही दुखला होता," बाबा म्हणाले आणि फाटक लावायला वळले.