तुराट्यांच्या भिंती

अल्लाबक्षनं वाळूत मनगटापर्यंत हात घातला, मूठभर वाळू वर काढली आणि बोटांतून सोडून दिली. सगळी कोरडी.

"साहेब, आता न्हाई जमायचं. सकाळी दवानं वाळू बसलेली असती, तवा गाड्या उतरतात. दुपारी ती मोकळी होती."

जागीरदारांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. मोटारीमागं त्यांनी हैदराबादेहून चाकांची एक खोली ओढत आणली होती. आत पलंग, आरसा, खिडक्यांना पडदे. हिंगोलीच्या बाजारात तिला पाहायला माणसं एकमेकांच्या पाठीवर चढली होती. आता बेगमसाहेबांना पूर्णा नदीच्या पाण्यालगत बसून चहा घ्यायचा होता, म्हणजे खोली पाण्यालगत गेलीच पाहिजे. पात्रात टरबुजं लावणाऱ्या माणसाला कोण विचारतो?

ड्रायव्हर किसनसिंगनं मोटार उतरवली. वीस पावलांवर मागची खोली आसापर्यंत वाळूत बसली. त्यानं जोर लावला तशी आणखी बसली. शेवटी मोटार सोडवून एकटी वर काढली आणि वाटेनं चाललेल्या दगडोबाला गाडीबैलांसकट वेठीला धरलं. त्याचे बैल खोलीला जुंपले.

बैलांनी दोनदा जीव खाऊन ओढलं. तिसऱ्यांदा डावा बैल गुडघ्यांवर आला. जागीरदारांचा शिपाई त्याला पराणीनं टोचू लागला, तसा बोटभर रक्ताचा ओघळ बैलाच्या मांडीवरून खाली उतरला.

"मरंल की वो तो!" दगडोबा शिपायाच्या पाया पडू लागला.

अल्लाबक्षचा जन्म वाळूत गेला होता. समोर कोणी वाळूशी असा धसमुसळेपणा करताना पाहून त्याला गप्प राहवेना.

"मारून काय व्हणार? चाकाखाली तुराट्या अंथरा, आपसूक वर येईन."

जागीरदारांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. अल्लाबक्षला त्या पाहण्याचं बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

"कुठं आहेत तुराट्या?"

यंदाची तूर अजून रानात हिरवी उभी होती. गेल्या सालच्या तुराट्या कधीच चुलीत गेल्या होत्या. किसनसिंगची नजर फिरत फिरत काठावरच्या झोपडीवर थांबली. झोपडीच्या चारही भिंती तुराट्यांच्या होत्या, वरून शेणानं लिंपलेल्या. झोपडी अल्लाबक्षची होती आणि आत त्याची लेक कनीज चार दिवसांची बाळंतीण होती.

"साहेब, आत लेकरू हाय. पौषाचा वारा..."

"छप्पर राहू दे त्याचं," जागीरदार शिपायाला म्हणाले. मोठी दया केल्यासारखं म्हणाले.

भिंती उपसायला फार वेळ लागला नाही. अंथरायला मात्र अल्लाबक्षच पाहिजे होता. त्यानं बुडखे चाकाकडं घातले, शेंडे बाहेर, वरून आडवा थर. नीट घातल्या नाहीत तर छप्परही जाईल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. हात मात्र रोजच्यासारखे सफाईनं चालले होते. बैलांनी ओढलं आणि कडाकड आवाज करीत खोली वर आली.

खिडकीचा पडदा सरला. बेगमसाहेब म्हणाल्या, इथं वारा फार झोंबतो, परत चला. खोली मोटारीला जोडली आणि सगळे हिंगोलीच्या वाटेला लागले.

अल्लाबक्षची बायको खतीजाबी लेकीसाठी डिंक आणायला गावात गेली होती. ती परतली तेव्हा चार मेढी आणि छप्पर तेवढं उरलं होतं. कनीज वाऱ्याकडं पाठ करून लेकरावर वाकली होती. खतीजाबीनं अंगावरची ओढणी काढून दोन मेढींना बांधली. ती नुसती फडफडत राहिली.

"त्यायला तुराट्यांचं कोनी सांगितलं?"

अल्लाबक्ष पायाची वाळू झटकत होता. झटकून झाली तरी झटकत राहिला.

"दगडोबानं," तो म्हणाला.

तेवढ्यात दगडोबाच आला. बैल त्यानं वर बाभळीला बांधले होते. खांद्यावरची घोंगडी काढून त्यानं पुढं केली.

"भाबी, ही घ्या. लेकराला आडोसा होईन. तुमच्यामुळं आज माझा बैल वाचला."

"व्हय, वाचला ना तुझा बैल!" खतीजाबीनं घोंगडी हिसकली आणि वाळूत भिरकावली. "माझ्या नातवाच्या जिवावर वाचला. तोंड दाखवू नको पुन्यांदा."

दगडोबाला काही कळेना. त्यानं अल्लाबक्षकडं पाहिलं. अल्लाबक्ष खाली बसून मोडक्या तुराट्यांतल्या धड तुराट्या निवडू लागला. दगडोबानं घोंगडी उचलली, झटकली आणि तो चढ चढू लागला.

"अब्बा, हाक मारा की त्याला," कनीज आतून म्हणाली. "लेकरू गार पडू लागलंय."

दगडोबा अजून हाकेच्या टप्प्यात होता. अल्लाबक्षनं एक तुराटी उचलली, वाकवून पाहिली आणि बाजूला ठेवली. मग दुसरी उचलली.