बरणीतली पाल

अंधेरीच्या एका कॉलेजात दशरथ मांजरेकर प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. मासे, बेडूक, सरडे काचेसारखे आरपार करण्यात त्याचा हात बसला होता. कातडं सोलायचं, पोटॅशच्या पाण्यात ठेवायचं, मांसातून पलीकडचं दिसू लागलं की लाल रंगात घालायचं. रंग हाडं तेवढी धरतात. मग ग्लिसरीनची बरणी.

त्रेपन्न साली त्यानं घरातली पाल मारून आणली. का, ते कुणाला सांगितलं नाही.

बायको रुक्मिणी तापानं पडून होती. चार दिवसांत उठून बसशील, असं तो तिला म्हणाला आणि भिंतीवर पाल चुकचुकली. एरवी रुक्मिणी लगेच जमिनीवर तीनदा बोटं वाजवून 'कृष्ण कृष्ण' म्हणायची. त्यानं वाईट टळतं, असं तिला वाटायचं. त्या दिवशी तिचा हात उचलेना.

"अहो, तुम्ही तरी वाजवा."

तो हसला. रोज पाली सोलणारा माणूस मी, म्हणाला. चौथ्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतरही ती चुकचुक थांबेना. हा आवाज बंद झाला तरच आपण या घरात राहू शकू, असं त्याला वाटू लागलं. एका सकाळी तिच्या तसबिरीजवळ पाल दिसली. त्यानं केरसुणी मारली आणि मेलेली पाल स्पिरिटच्या बाटलीत घालून कॉलेजात नेली. पोट चिरलं नाही. त्याला ती अख्खी हवी होती.

महिन्याभरानं त्यानं बरणी खिडकीशी धरली. आवाज निघतो त्या गळ्यात बारीक लाल हाडं होती, बाकी काही नव्हतं. पोटात मात्र दोन लाल गोळे होते. अंडी. कवचांनी रंग धरला होता.

शेजारच्या टेबलावरचा गुणाजी उठून बघायला आला.

"झकास उतरलीय रे. पण ही मादी. सर सांगतात ना, चुकचुकतो तो बहुतेक नर."

दशरथनं त्याला पुन्हा विचारलं. गुणाजीनं पुन्हा तेच सांगितलं.

ती बरणी दशरथ घरी घेऊन आला. दिवेलागणीला तसबिरीमागून चुकचुक ऐकू आली, पहिल्यासारखीच.

रुक्मिणीचं अंथरूण असायचं तिथं तो खाली बसला. टाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी त्यानं जमिनीवर तीनदा बोटं वाजवली. थोडा थांबला आणि बरणीकडे बघून आणखी तीनदा वाजवली.