सुखीबाईची तीज

सुखीबाईनं हिरव्या स्केचपेनचं टोपण दातानं उपटलं आणि कागदावर एक गोल काढून त्यात उभ्या रेघा मारल्या. समाजमंदिरात बसलेल्या बाया एकमेकींच्या कागदात डोकावत होत्या. पुसदहून येणाऱ्या विमलताईंनी आज विचारलं होतं, लेकरं मार्गी लागली, आता स्वतःसाठी काय करायचं राहिलंय, त्याचं चित्र काढाल? शाळेतून निवृत्त झाल्यावर ताईंनी चाळिशी उलटलेल्या बायांचे हे वर्ग सुरू केले होते. बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या बाया, चहासाठी का होईना, नेमानं येत.

कुणी पोहरादेवीचं देऊळ काढलं होतं, एकीनं तर विमान. ताई सुखीबाईच्या कागदावर वाकल्या.

“हे काय हो?”

“तीज. श्रावणात तांड्याच्या पोरी टोपलीत गहू पेरतात. नऊ दिस पानी घालतात, गानी म्हनतात, मंग नदीत सोडतात. माह्यं लगन अकराव्या वर्षीच झालं. पेराचं राहूनच गेलं.”

“मग पेरा की! कोण अडवतंय?”

बायांत एकच हशा पिकला. आपलं काय चुकलं ते ताईंना कळेना. शेवटी म्हातारी जमनी डोळे पुसत म्हणाली, “मॅडम, तीज कुवाऱ्या पोरीची राहते. हिले तं नातू झाला ना!”

सुखीबाईही हसली. पण घरी जाताना तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला. नाही असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं, कारण तिनं कुणाला विचारलंच नव्हतं. विचारून पाहिलं तर काय होतं, एवढीच तिची उत्सुकता.

रात्री जेवताना तिनं विचारलं तेव्हा नवरा देवीलालनं हातातला घास खाली ठेवला. “नायकाले इचार,” म्हणाला. नाही म्हणायची कटकट त्यानं बेमालूम दुसऱ्याच्या गळ्यात घातली.

तांड्याचा नायक डोंगरसिंग विळ्याला धार लावत होता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

“तीज पोरीची. त्या मांगतात तवा मी परवानगी देतो, बस. तू त्याईलेच इचार.”

म्हणजे अजूनही नाही कुणीच म्हटलं नव्हतं. सुखीबाईला गंमत वाटू लागली.

पेरणीच्या दिवशी दुपार कलल्यावर ती देवळामागं गेली. सहा-सात पोरी वारुळाची माती चाळत होत्या. लालसिंगची लेक जया त्यांच्यात थोरली, सतरा वर्षांची. सुखीबाईचं मागणं ऐकून पोरी खिदळल्या, मग जयाकडे पाहू लागल्या.

“नऊ दिस मीठ नाही खाचं, काकी,” जया म्हणाली. “आन मी सांगन ते आयकाव लागन.”

“आयकीन.”

जयानं तिला टोपली दिली आणि भिजवलेले मूठभर गहू. सुखीबाईनं आनंदानं ते गहू मुठीत घट्ट धरले. ती खाली बसून माती थोपटू लागली. पेरणी सगळ्यांनी मिळून, दिवस मावळायच्या आत करायची होती. पोरी पाणी आणायला विहिरीवर गेल्या. जया मात्र तिथंच रेंगाळली.

“काकी, अकराव्या वर्षी लगन केलं तवा तुले कोनी इचारलं होतं?”

“कोन इचारते वं! हळद लावली तवा समजलं मले.”

जया टोपलीतली माती बोटानं उकरत राहिली.

“माह्यी ही शेवटची तीज हाये. दिवाळी झाली का लगन करून देतो म्हनते बापू. मले बारावीची परीक्षा देऊ दे ना म्हटलं, तं आयकत नाही.” मग हळूच म्हणाली, “तू सांगून पाह्यशील?”

लालसिंग तिरसट माणूस, त्याच्या वाटेला कुणी जात नसे. शिवाय तो चिडला असता तर ही म्हाताऱ्या बाईची तीज त्यानं पहिली बंद पाडली असती. सुखीबाईनं उन्हाकडे पाहिलं. ऊन टेकडीवर चढलं होतं, दिवस मावळायला फार वेळ नव्हता.

“आता घरी हाये तुहा बाप?”

“हाये. पन आधी पेरून घे, सकाळी जाय ना, काकी. उद्या तो नांदेडले चालला, पाहुण्याईले शब्द द्याले.”

“मंग सकाळी कायले?”

तिनं मुठीतले गहू जयाच्या टोपलीत ओतले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली.

लालसिंगच्या अंगणात ती पोचली तेव्हा देवळामागून पोरींचं पेरणीचं गाणं सुरू झालं होतं. क्षणभर तिला रडू आलं. लालसिंग बाजेवर पाय पसरून बसला होता.

“जयाच्या लगनाचं बोलाचं हाये,” ती म्हणाली.

“त्यात तुह्यं काय काम?”

“हाये,” सुखीबाई म्हणाली, आणि त्याच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली.