पांढरी खूण, लाल खूण

मी बोलतेय, गॅरेजमागच्या शेडमधली लाल गाडी. ऐकायला या, पण बॉनेट उघडू नका. आत बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

मला भंगारवाल्याच्या अंगणातून उचलून आणलं ते दोघा भावंडांनी. ताई थोरली, तिचा पाय ॲक्सिलरेटरवर पडला की मला पंख फुटायचे. भाऊ धाकटा, गॅरेज त्याचं, सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. त्याचा कान असा, की मी नुसती कण्हले तरी म्हणायचा, "काय गं, कुठं दुखतंय?"

त्यानं मला मोठा टर्बो बसवला. टर्बो म्हणजे भाताच समजा. फरक इतकाच, की हा भाता माझ्याच धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, जोर जास्त. पण फुकट काही मिळत नसतं. कोंबलेली हवा तापते, आणि साधं पेट्रोल पडलं उतावळं. हाक मारायच्या आत पाटावर येऊन बसणाऱ्या पाहुण्यासारखं ते ठिणगीआधीच भडकतं. मग आत दणके बसतात, पिस्टन भाजतात.

जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल असतं ना, त्यात ताकद जास्त असं लोकांना वाटतं. ताकद नाही हो, धीर जास्त. कितीही दाबा, ठिणगी पडेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. ते टाकीत असेल तरच टर्बोचा दाब वाढवावा, नाहीतर नसती हौस.

म्हणून मिस्त्रीनं माझ्या डॅशबोर्डमधल्या झाकणाच्या कप्प्यात एक पितळी बटण बसवलं. पांढऱ्या खुणेवर फिरवलं की दाब कमी, तो साध्या पेट्रोलसाठी. लाल खुणेवर दाब जास्त, तो धीराच्या पेट्रोलसाठी. नियम एकच: जो टाकी भरेल त्यानं बटण फिरवायचं. आणि माझा पेट्रोलचा काटा कधीचाच मेलेला. टाकी भरलेली असो की कोरडी, तो आपला तळाला लोळत पडलेला. या दोन्ही गोष्टी दोघं भावंडं जाणत होती. तिसऱ्याला सांगायची गरजच कुणाला वाटली नाही.

तिसरा म्हणजे ताईचा नवरा. मिस्त्री त्यांना दाजी म्हणायचा. त्यांचं कपडे शिवायचं दुकान. सुईत दोरा ओवावा तसा हळुवार माणूस, पण मला बघितलं की म्हणायचे, "आलं का डबडं?" कधी विचारायला आलेच, "हे काय असतं रे?" तर मिस्त्री हसायचा. "दाजी, तुम्ही आपली बटणं शिवा. ही बटणं आमच्याकडे राहू द्या." ताईही हसायची. मग दाजी विचारायचेच थांबले.

आमच्याकडे वर्षातून एकदा घाटाची शर्यत होते. एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. ताईचं ते शेवटचं वर्ष. गुडघा बोलायला लागला होता, तिनंच ठरवलं होतं, एकदा मनासारखं चढायचं आणि चावी खुंटीला लावायची. मिस्त्रीनं आदल्या दिवशी धीराचं पेट्रोल भरलं, तेही अर्धी टाकी, वजन नको म्हणून. बटण लाल खुणेवर नेलं.

सकाळी दोघं चहाला घरात गेली. दाजी एकटेच माझ्याजवळ आले. दार उघडून आत बसले आणि काटा बघून दचकले. "अरे देवा! ही बाई घाटात मध्येच थांबली तर? लोक हसतील तिला."

गुपचूप मला जवळच्या पंपावर नेलं. साधं पेट्रोल, काठोकाठ. पंपवाला म्हणाला, "साहेब, अर्ध्यातच भरली की!"

"लहान असेल टाकी," दाजी म्हणाले. मग खिशातला रुमाल काढून माझी काच पुसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला हात लावला होता, आणि तो इतका मायेचा, की काय सांगू. मला तोंड असतं तर तेव्हाच सांगितलं असतं, बाबा, आता ते बटण फिरव. पण त्यांनी कुणाला काही सांगितलंच नाही. श्रेय घ्यायचा स्वभावच नव्हता.

पहिली दोन वळणं मी उडत गेले. तिसऱ्या चढाला माझ्या आत खडखड सुरू झाली, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. मी ओरडत होते. ताईच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे माझ्याच धुराड्याचा गोंगाट. तो आवाज ओळखणारा कान खाली, घाटाच्या पायथ्याशी उभा. तिनं आणखी दाबलं. पिस्टनला भोक पडलं आणि मी निळा धूर ओकत कठड्याला टेकले. ताईला ओरखडाही आला नाही, तेवढंच माझं पुण्य.

"टाकी कुणी भरली?" मिस्त्रीनं विचारलं.

"मी," दाजी म्हणाले. "काटा तळाला दिसला."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही सांगितलं," दाजी हळूच म्हणाले. "तेच तर."

ताई त्या शर्यतीबद्दल पुन्हा बोलली नाही. दुसरं इंजिन आणू म्हटलं तर "राहू दे" म्हणाली. दाजींनी मला जाड कापडाचं झाकण शिवून दिलं, आरशांना कानटोपीसारखे कान ठेवून, अगदी अंगाच्या मापाचं. दुकानाला सुट्टी असली की येतात, झाकण काढतात, धूळ पुसतात.

परवा ते पुसत असताना मिस्त्री आत आला. दोघांत बोलणं तसं कमीच राहिलंय. दार उघडून तो माझ्या सीटवर टेकला. मग त्यानं कप्पा उघडला.

"दाजी, इकडे या. साधं पेट्रोल भरलं की पांढऱ्या खुणेवर न्यायचं. भारी भरलं की लाल."

"एवढंच?"

"एवढंच."

दाजींनी बोटं धुळीच्या फडक्याला पुसली. बटण अजून लालवरच होतं. त्यांनी ते सावकाश फिरवलं, पांढऱ्या खुणेवर आणून ठेवलं, आणि मिस्त्रीकडे बघितलं.

"बरोबर?"

"बरोबर," मिस्त्री म्हणाला, आणि तोंड फिरवून उगाच नट आवळायचे पाने शोधू लागला.

मला आता कुठं जायचं नाही. तुम्ही मात्र घरी जा, आणि तुमच्याकडे कुणी विचारायचं थांबलं असेल तर त्याला आपणहून सांगा. जाताना झाकण तेवढं नीट ओढा. कान आरशांवर बसले पाहिजेत, फार मन लावून शिवलंय.